संकटकाळाची मोजदाद : एक प्रस्तावना

अवर्षण, महापूर, भूकंप किंवा साथ यांपैकी कोणतेही संकट एखाद्या प्रदेशावर कोसळले, की प्रथम जागी होते ती माणसाची करुणा. आणि ती तशी जागी होते म्हणूनच समाज टिकून राहतो, हे खरे असले, तरी धान्याची पोती, औषधांच्या पेट्या आणि कपड्यांची गाठोडी गोळा झाल्यानंतर ती कोणत्या गावी, कोणत्या वस्तीत, कोणाच्या हाती आणि कोणत्या दिवसाच्या आत पोचली पाहिजेत, हा जो दुसरा प्रश्न उभा राहतो, त्याचे उत्तर करुणेपाशी नसते. ते मोजदादीपाशी असते. ज्या गावाला पक्की सडक आहे आणि ज्याचा पुढारी जिल्ह्याच्या कचेरीत ओळखीचा आहे, त्या गावी मदतीच्या गाड्या रांगेने उभ्या राहतात, आणि तेथून चार कोसांवरच्या ठाकरवाडीत दाणा जाऊन पोचत नाही, हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. अशा वेळी देणाऱ्याच्या अंतःकरणात काही उणे असते असे नाही. कोण उपाशी आहे याची नोंद त्याच्यापाशी नसते, एवढाच त्याचा अर्थ.

आपत्तीच्या काळात आकडेवारी गोळा करणे, तिचे पृथक्करण करणे आणि त्यातून निघणाऱ्या निष्कर्षांनुसार मदतीचा ओघ वळवणे, या विषयावरील लेखांचा हा संग्रह वाचकांच्या हाती देताना त्यातील संगणकीय पद्धतींचे विवेचन मी पुन्हा करीत नाही. ते त्या त्या लेखकाने अधिकारवाणीने केलेले आहे. मला सांगावयाचे आहे ते निराळे आहे. उपग्रहांची छायाचित्रे, भ्रमणध्वनींच्या नोंदी आणि क्षणार्धात कोट्यवधी आकडे पिंजून काढणारी यंत्रे यांच्यामुळे हे शास्त्र कालपरवाच जन्मास आले असावे, आणि तेही कोठेतरी सातासमुद्रापलीकडे, असा समज आपल्या तरुण अभ्यासकांत दृढ होत चालला आहे. वस्तुतः या शास्त्राचे कितीएक मूलभूत प्रश्न पुण्याच्या परिसरात, दीडशे वर्षांपूर्वी, दुष्काळाच्या धगीत विचारले गेले. काहींची उत्तरेही येथेच मिळाली. आणि ज्यांची मिळाली नाहीत ते प्रश्न आज मी जेथे राहतो त्या महाळुंग्यात, बांधकाममजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांपुढे, जसेच्या तसे उभे आहेत.

इ. स. १८७६ च्या पावसाळ्याने दख्खनला दगा दिला आणि पुढील दोन वर्षांत ब्रिटिश हिंदुस्थानात पन्नास लाखांहून अधिक माणसे भूक आणि भुकेमागून येणारे रोग यांना बळी पडली. या दुष्काळात हिंदुस्थान सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना आपले प्रतिनिधी म्हणून मद्रास आणि मुंबई इलाख्यांत धाडले. १८७४ साली बिहारमध्ये याच टेंपलसाहेबांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून प्राणहानी बव्हंशी टाळली होती आणि त्याबद्दल उधळपट्टीचा ठपका पदरी घेतला होता. १८७७ च्या आरंभी ते दक्षिणेत आले तेव्हा खर्चाला आवर घालण्याची सक्त ताकीद घेऊन आले, आणि सरकारी कामावरच्या मजुराची रोजी त्यांनी एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतकी खाली उतरवली. मद्रास इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी या प्रमाणाला कसून विरोध केला. दिवसभर माती वाहणाऱ्या माणसाच्या देहाला किती अन्न लागते याचा हिशेब त्यांनी शरीरशास्त्राच्या आधारे मांडला, छावण्यांतील मृत्यूंच्या नोंदी पुढे ठेवल्या, आणि एवढ्या शिध्यावर राबवून घेणे म्हणजे माणसाला सावकाश मारणे होय, अशी भूमिका घेतली. अखेर त्याच वर्षी मद्रासेत शिधा वाढवावा लागला. टेंपलसाहेब मात्र तोवर मुंबईचे गव्हर्नर झाले होते.

या वादावर मी वाचकांना थोडे थांबण्याची विनंती करतो. दोन्ही पक्षांजवळ आकडे होते. टेंपल यांचा आकडा खजिन्यातून निघालेला होता आणि तो मजुराच्या पोटाशी जाऊन थांबला. कॉर्निश यांचा आकडा मजुराच्या देहातून निघाला आणि खजिन्यापर्यंत गेला. म्हणून एखाद्या आपत्तीत आकडेवारीचा उपयोग केला असे कोणी सांगितले, की ती आकडेवारी कोठून निघाली हे प्रथम विचारावे, असे मला वाटते. आज मदतकार्याचे जे भव्य तक्ते पडद्यावर झळकतात, त्यांतील बहुतेक रकाने किती टन धान्य रवाना झाले, किती छावण्या उघडल्या, किती निधी खर्ची पडला, एवढेच सांगत असतात. मुलाचे वजन वाढले की घटले, हा रकाना पुष्कळदा रिकामा असतो.

पुण्यातील लोकांनी त्या दुष्काळात जे केले ते या संग्रहाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. १८७० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने, दुष्काळी जिल्ह्यांत आपली माणसे धाडली. कोणत्या तालुक्यात पीक किती बुडाले, धान्याची धारण (भाव) काय झाली, किती लोक गाव सोडून गेले, कामावर मजुरी काय मिळते, यांची माहिती गावोगावहून मागवली, आणि तिचे वृत्तांत एकामागून एक सरकारदरबारी सादर केले. मजुरी उतरल्यावर लोकांनी कामे सोडली, तेव्हाही सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. सरकारी दप्तराबाहेर, प्रजेच्या वतीने, प्रजेच्या हालअपेष्टांची पद्धतशीर मोजदाद करण्याचा हा उपक्रम हिंदुस्थानातील अगदी पहिल्या अशा प्रयत्नांपैकी होय. त्याच सुमारास, २० एप्रिल १८७७ रोजी, सावित्रीबाई फुले यांनी जुन्नर तालुक्यातील ओतूरहून जोतीरावांस जे पत्र लिहिले, त्यात त्या भागातील दुष्काळाचे आणि सत्यशोधकांच्या मदतकार्याचे प्रत्यक्षदर्शी वर्णन आहे. तक्ता आणि पत्र यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याची हल्ली जी प्रवृत्ती दिसते ती मला मान्य नाही. तक्त्यात कोणता रकाना घालायचा राहून गेला हे पत्रातून कळते, आणि पत्रातील एका गावाची व्यथा किती गावांची आहे हे तक्त्यावाचून कळत नाही.

पुढे सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाने १८८० साली अहवाल दिला आणि त्यातून दुष्काळसंहिता जन्मास आल्या. परक्या सरकारने काटकसरीच्या बुद्धीने केलेल्या या संहितांत दोष पुष्कळ होते. तथापि एक गोष्ट त्यांनी अशी केली, की जिचे महत्त्व आजच्या विश्लेषकांनीही ध्यानात घ्यावे. संकटाची लक्षणे त्यांनी नेमून दिली: धारण चढणे, धान्याची वाहतूक नेहमीची वाट सोडून होणे, लोकांचे भटकणे, भुरट्या चोऱ्यांत वाढ, आणि ही लक्षणे दिसताच अमुक अधिकाऱ्याने अमुक काम केलेच पाहिजे, चाचणीदाखल कामे उघडलीच पाहिजेत, अशी सांगड घातली. म्हणजे आकड्याला कर्तव्य जोडले. १८९६-९७ च्या दुष्काळात, टिळकांच्या प्रभावाखाली आलेल्या सार्वजनिक सभेची माणसे खेडोपाडी जाऊन या संहितेतील तरतुदी शेतकऱ्यांस समजावून सांगू लागली, सारा तहकूब होण्याचा आपला हक्क रयतेला कळू लागला, तेव्हा १८९७ साली सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली. आकडा आणि हक्क यांची गाठ रयतेच्या हाती लागली, याचे भय सरकारला वाटले, याहून त्या गाठीच्या सामर्थ्याचा दुसरा पुरावा कशाला हवा?

परंतु याच गाठीत एक घातक मोहही दडलेला आहे. नोंद केली की कर्तव्य अंगावर येते, म्हणून नोंदच न करण्याचा तो मोह. १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे मरत असताना तेथील सरकारने दुष्काळ जाहीर केला नाही आणि संहिता लागू केली नाही. त्या हाहाकाराचे परिणाम किती खोल गेले हे पुढे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या नमुना पाहणीतून उमगले. पाहणी उत्कृष्ट होती, परंतु ती मेलेल्यांच्या काही कामाची नव्हती.

नमुना पाहणीचे नाव निघाले आहे, तर महाराष्ट्राने या शास्त्राला दिलेल्या देणगीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे कृतघ्नपणाचे होईल. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी शेतातील यदृच्छेने निवडलेल्या तुकड्यांची कापणी करून साऱ्या प्रदेशाच्या पिकाचा विश्वसनीय अंदाज बांधण्याची पद्धत या देशात रुजवली आणि पुढे दोन दशके संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाची धुरा वाहिली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली दरडोई रोज २,२५० उष्मांक हे प्रमाण धरून देशातील दारिद्र्य मोजले, तेव्हा त्या प्रमाणाशी सुखात्मे यांनी मतभेद प्रकट केला: एकाच माणसाचा आहार दिवसागणिक बदलतो, देह त्याच्याशी जुळवून घेतो, म्हणून सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जण भुकेला समजणे शास्त्रशुद्ध नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. भुकेची रेषा कोठे आखायची हा प्रश्न केवळ गणिताचा नसून त्यावर कोट्यवधी माणसांचे अन्न अवलंबून असते, याची जाणीव ठेवून पुणेकर विद्वान एकमेकांशी भांडले, हे पुढच्या पिढीला ठाऊक असावे. याच गोखले संस्थेतून १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या प्रलयानंतर पूरग्रस्तांच्या पुनर्वसनाचा अभ्यास झाला आणि सुलभा ब्रह्मे व प्रकाश गोळे यांचा त्यावरील इंग्रजी ग्रंथ १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर ओसरल्यावर वर्तमानपत्रांचे लक्षही ओसरते. पूरग्रस्तांचे पुढे काय झाले हे मोजण्याचे कंटाळवाणे आणि अत्यंत आवश्यक काम त्या अभ्यासाने केले.

आता १९७२. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना वाटपाची सुकडी, आयात केलेला मिलो आणि कामावरची खडी या तीन शब्दांपलीकडे काही सांगावे लागत नाही. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी लिहितो. १९७० पासून ओळीने पाऊस उणा पडत गेला आणि १९७२-७३ मध्ये ज्वारी-बाजरीच्या पट्ट्यातले पीक बुडाले. सरकारने जागोजाग कामे काढली: खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध. मे १९७३ च्या सुमारास या कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती, आणि त्यांत बायांची संख्या फार मोठी होती. पीक एवढे बुडूनही बंगालसारखे मृत्यूचे थैमान महाराष्ट्रात झाले नाही. अर्थशास्त्रज्ञ ज्यां द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी आपल्या ग्रंथांत या यशाची सविस्तर चिकित्सा केली आहे. आकडेवारीचा अभ्यासक म्हणून मला त्यातील एकाच अंगाकडे लक्ष वेधायचे आहे.

कामावरचा हजेरीपट डोळ्यांपुढे आणावा. जाडसर कागद, दुमडून दुमडून घड्यांशी फाटत आलेला. डाव्या हाताला नावे, बहुधा बापाच्या वा नवऱ्याच्या नावासकट. पुढे दिवसांची चौकटी घरे आणि त्यांत हजेरीच्या खुणा. शेवटी खोदलेल्या कामाचे माप, त्यावरून निघालेली रक्कम, आणि तिच्यासमोर शाईत बुडवलेला अंगठा. मुकादमाने हा कागद मजुरी चुकवण्यासाठी भरलेला असतो. परंतु असे हजारो कागद तालुक्याच्या कचेरीत आले, की त्यांच्यातून कोणत्याही पाहणीवाचून एक नकाशा आपोआप उमटतो. उन्हातान्हात दगड फोडून तुटपुंजी मजुरी घेण्यास माणूस तेव्हाच येतो, जेव्हा घरात दुसरा उपाय उरलेला नसतो. म्हणून ज्या केंद्रावरची हजेरी एका आठवड्यात दुप्पट झाली, त्या केंद्राच्या पंचक्रोशीत चूल विझत आली आहे, असे समजावे. १९७३ च्या जूनमध्ये पाऊस पडताच हजेरी झपाट्याने उतरली. म्हणजे संकट कोठे चढते आहे आणि कोठे ओसरते आहे, हे स्वतः संकटग्रस्तच आपल्या पायांनी चालत येऊन सांगत होते. कोणीही त्यांना प्रश्नावली विचारलेली नव्हती. ज्या ठिकाणी कामे उघडली नाहीत त्या ठिकाणी त्यांनी मोर्चे काढले, अधिकाऱ्यांना घेराव घातले, आणि ती देखील एक प्रकारची माहितीच होती.

विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात ज्या कल्पनेचा प्रयोग केला होता, ती रोजगार हमी योजना या दुष्काळाच्या काळात राज्यभर आली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, आणि पंधरा दिवसांत ते न दिल्यास बेकारी भत्ता, ही तिची प्रतिज्ञा. येथे आकड्याला जोडलेले कर्तव्य प्रथमच नागरिकाचा हक्क बनले. आणि येथेच जुना मोह पुन्हा डोके वर काढतो. कामाच्या मागणीचा ‘नमुना ४’ चा अर्ज घेऊन गेलेल्या मजुराला, आज साहेब नाहीत, पुढल्या आठवड्यात या, असे सांगून परत धाडले, की त्या गावातील मागणी कागदोपत्री शून्य राहते. आणि जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेला विश्लेषक, कितीही प्रामाणिक असला, तरी त्या शून्याचा अर्थ गाव सुखी आहे असाच लावतो. अर्जाची तारीखवार पोच मिळावी म्हणून ग्रामीण चळवळींनी वर्षानुवर्षे जो आग्रह धरला, त्याला मी सांख्यिकीतील मोठे कार्य मानतो. पोचपावतीवाचून आकडा खरा होत नाही.

पैसेवारीची कथा याच्या उलट आहे: तेथे नोंद होते, पण उशिरा. इंग्रजी अमदानीतील आणेवारीपासून चालत आलेल्या या पद्धतीत गावची समिती शिवारातील निवडक तुकड्यांची कापणी करून, नेहमीच्या उत्पन्नाच्या मानाने यंदाचे पीक रुपयात किती पैसे आले ते ठरवते. पन्नास पैशांच्या आत आले तर टंचाई. नजर अंदाज, सुधारित आणि अंतिम अशा पायऱ्या ओलांडून खरिपाची अंतिम पैसेवारी हाती येईपर्यंत डिसेंबर उजाडतो, आणि तोवर गुरे बाजारात निघालेली असतात, कुटुंबे ऊसतोडीला गेलेली असतात. शिवाय पन्नासच्या रेषेच्या अल्याड-पल्याड कोठे बसायचे यावर सवलती अवलंबून असल्याने आकडा खाली ओढणारे आणि वर ढकलणारे हात पुष्कळ. या दोषांवर उपाय म्हणून केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पावसाची तूट, वनस्पतींचा हिरवेपणा दाखवणारा उपग्रहीय निर्देशांक, जमिनीतील ओल, भूजल अशी शास्त्रीय परिमाणे नेमून दिली. त्यांच्या आधारे महाराष्ट्राने ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी १५१ तालुक्यांत, आणि २०२३ साली त्याच तारखेस ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. ही प्रगती स्वागतार्ह आहे यात शंका नाही. निर्णय महिनादीड महिना अलीकडे आला. पण आकाशातून हिरवे दिसणारे सारेच ज्वारी नसते. ओढ्याकाठची वेडी बाभूळही अवर्षणात हिरवी असते. तालुका हे एकक धरल्यामुळे, ज्याच्या एका टोकाला कालव्याचा ऊस आणि दुसऱ्या टोकाला उघडा माळ आहे, अशा तालुक्याची सरासरी दोघांपैकी कोणाचीच नसते. उपग्रहाचा आकडा शिवारात जाऊन पडताळावा लागतो, आणि पडताळणी मन लावून करणारा तलाठी किंवा कृषिसहायक हा या साऱ्या यंत्रणेतला सर्वांत मौल्यवान आणि सर्वांत उपेक्षित माणूस आहे.

धोक्याच्या गावांच्या यादीचा भरवसा किती धरावा, हे सह्याद्रीने आपल्याला दोनदा शिकवले. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण दरडीखाली गेले आणि १५१ माणसे मेली. त्या सकाळी बाहेरच्या जगाला पहिली वर्दी मिळाली ती एस. टी. च्या चालकाकडून, ज्याला रोजच्या जागी गाव दिसेना. त्यानंतर दरडप्रवण गावांच्या पाहण्या झाल्या, याद्या झाल्या. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता राहिली, आणि धोक्याच्या गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते, असे विधिमंडळात सांगण्यात आले. यादी करणाऱ्यांनी कुचराई केली असे मी म्हणत नाही. यादी एकदा झाली की तिच्याबाहेरच्या वाड्या सुरक्षित आहेत असा समज आपोआप होतो, हा धोका मला दाखवायचा आहे. मुळशीच्या पश्चिमेला घाटमाथ्यावरील वाड्यांत पावसाळ्याच्या रात्री जागून काढणाऱ्या कुटुंबांना कड्याला पडलेली भेग कोणत्याही यंत्राच्या आधी दिसते. ती भेग तहसील कचेरीपर्यंत पोचवण्याची वाट ज्या पद्धतीत नाही, ती पद्धत अपुरी होय.

जगाचा अनुभवही याहून वेगळा नाही, आणि संग्रहात त्यावर विस्ताराने लिहिलेले असल्याने मी थोडक्यात आटोपतो. २००४ साली सोमालियात अन्नसुरक्षेचे जे श्रेणीकरण सुरू झाले, त्याच्या पाच पायऱ्या आज जगभर मानल्या जातात. पाचवी पायरी दुष्काळाची, आणि तीत रोज दर १०,००० माणसांमागे दोन मृत्यू ही एक कसोटी आहे. याच सोमालियात २० जुलै २०११ रोजी दुष्काळ जाहीर झाला. पुढे झालेल्या अभ्यासानुसार त्या संकटात सुमारे २ लाख ५८ हजार माणसे मेली, आणि त्यांपैकी निम्म्याच्या सुमारास घोषणेपूर्वीच मेलेली होती. इशारे वर्षभर आधीपासून दिले जात होते. मृत्यूची संख्या ही ज्या कसोटीची अट आहे ती कसोटी पुरी होईपर्यंत थांबणारी मदत उशिराच येणार, हे उघड आहे; म्हणून तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच पैसा आपोआप सुटावा अशी व्यवस्था करण्याकडे आता जाणत्यांचा कल आहे. आपल्या दुष्काळसंहितेतील चाचणी-कामांची कल्पना याच जातीची होती.

आता महाळुंग्याकडे वळतो. मुळेच्या काठचे हे गाव २०११ च्या खानेसुमारीत ग्रामपंचायतीचे एक खेडे म्हणून नोंदले गेले. हिंजवडीची उद्योगनगरी शेजारी, बालेवाडीचे क्रीडासंकुल लगत. भातखाचरांच्या जागी वीस-वीस मजल्यांचे मनोरे उठले. जून २०२१ मध्ये गाव पुणे महानगरपालिकेत गेले. त्या वर्षी व्हावयाची खानेसुमारी मात्र झालीच नाही. त्यामुळे शासकीय दप्तरात या परिसराची शेवटची पक्की मोजणी आजही तीच जुनी आहे. अन्नसुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्राला मिळणाऱ्या धान्याची सुमारे सात कोटी माणसांची मर्यादाही २०११ च्याच लोकसंख्येवरून ठरलेली आहे. ज्या आकड्यांवर उद्याच्या पुराची, साथीची किंवा टंचाईची मदत बेतावयाची, ते आकडे ज्या गावाचे आहेत ते गावच आता अस्तित्वात नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा याचा जो अर्थ होतो तो आम्ही या भागात पाहिला. मनोऱ्यांच्या पायथ्याशी, पत्र्याच्या ओळीने उभ्या खोल्या; एकेका खोलीत पाच-सहा जण; बिहार, झारखंड, मराठवाडा, छत्तीसगड येथून आलेले. ठेकेदाराच्या वहीत त्यांची नोंद माणसांची नव्हती, टोळीची होती: अमक्या मुकादमाचे वीस, तमक्याचे पंधरा. शिधापत्रिका गावी, मतदारयादीत नाव गावी, आणि ग्रामपंचायतीच्या लेखी ते येथे राहतच नव्हते. ज्या मंडळांनी शिधा वाटला त्यांनी मनापासून वाटला. पण रस्त्यालगतच्या वस्तीत एकाच घरी तीन संस्थांची पाकिटे आली आणि आतल्या बांधकामावर चार दिवस कोणी फिरकले नाही. कोणी एखादा वहीपेन घेऊन खोल्यांच्या दारावर खडूने माणसांचे आकडे घालीत फिरला असता, तर तेवढ्याने हा फरक मिटला असता. त्या मे महिन्यात जालन्याहून पायी निघालेले १६ मजूर करमाडजवळ रेल्वेरुळांवर झोपेत चिरडले गेले. आणि सप्टेंबरात संसदेत, टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मेले याची आकडेवारी ठेवलेली नाही, असे उत्तर देण्यात आले. वस्तुतः राज्याबाहेरून आणलेल्या मजुरांच्या नोंदीची तरतूद १९७९ सालच्या आंतरराज्य स्थलांतरित कामगारांच्या कायद्यात होती.

त्याच उन्हाळ्यानंतर मोजणीने काय साधते हेही याच शहरात दिसले. जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये आयसर, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि इतर संस्थांनी पुण्यातील पाच प्रभागांत १,६६४ रक्तनमुने तपासले आणि ५१.५ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे आढळले. नोंदलेले रुग्ण त्याच्या मानाने अगदी थोडे होते. बंगल्यांपेक्षा चाळी-झोपड्यांत आणि सामायिक शौचालये वापरणाऱ्यांत प्रमाण अधिक होते. अवघ्या साडेसोळाशे माणसांच्या, परंतु नीट निवडलेल्या नमुन्याने, लाखो चाचण्यांच्या ढिगाला जे दिसले नव्हते ते दाखवून दिले. सुखात्मे आणि महालनोबिस यांची विद्या ती हीच.

एक इशारा देणे मात्र माझे कर्तव्य आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोऱ्या शिपायांनी घरझडत्या घेतल्या, तेव्हा लोक रोगी लपवू लागले आणि साथीची खरी व्याप्तीच झाकली गेली. जी यादी भुकेल्याला अन्न देते तीच दुसऱ्याच्या हाती पडली तर त्याला हुडकून काढण्याचे साधन होते. बांगलादेशातील रोहिंग्या निर्वासितांची माहिती म्यानमार सरकारपर्यंत पोचल्याचे २०२१ मध्ये उघडकीस आले ते याचेच उदाहरण. मदतीसाठी घेतलेली माहिती मदतीपुरतीच राहील, तिची मुदत संपताच ती नष्ट होईल, आणि ती देणाऱ्याला त्याच्या भाषेत हे आधी सांगितले जाईल, एवढे पथ्य पाळल्यावाचून कोणत्याही तरुण मंडळाने पूरग्रस्तांच्या दारात आधारक्रमांक मागत उभे राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

संग्रहातील लेखकांनी आपापल्या क्षेत्रात कष्ट घेतले आहेत. त्यांचे गणित तपासणारे अधिकारी वाचक आहेतच. माझी विनंती इतर वाचकांना आहे. १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी धरून पुढची खानेसुमारी होणार आहे. महाळुंगे, माण, हिंजवडी, सूस येथील गृहसंस्थांचे जे सभासद हे पुस्तक वाचतील, त्यांनी आपल्या दारी प्रगणक येईल तेव्हा आपले अर्ज भरून दार लावून घेऊ नये. शेजारच्या बांधकामावरील पत्र्याच्या खोल्या त्याला दाखवाव्यात, मुकादमाशी बोलून मजूर घरी असण्याची वेळ ठरवून द्यावी, आणि त्या खोल्यांतील प्रत्येक बाईचे, मुलाचे नाव स्वतंत्र ओळीवर लिहिले गेले की नाही, हे समक्ष पाहावे.

महाळुंगे, ता. मुळशी, जि. पुणे